कडब्याआडून पाहिलेले दंड

आदिलाबाद
रविवार, १५ डिसेंबर १९९१

तीर्थस्वरूप वस्तादकाका,

कौशल्येचा वाकून नमस्कार. तुमचा खोकला थांबला असेल, तालमीतली माती चाळून झाली असेल. मी इथे मजेत आहे. घरातली पहिली बी.ए. म्हणून वडिलांनी पेढे वाटले, तेव्हा तुम्हीही एक घेतला होता. पोरगी आता काय करणार, हे मात्र विचारलं नव्हतं. म्हणून सांगते. मी मुलींच्या वसतिगृहात शिकवते आणि रोज सकाळी बावीस मुलींकडून दंड काढून घेते.

रागावू नका, आधी पुढचं वाचा.

महिनाभरात निम्म्या मुलींची मनगटं दुखू लागली. माझंही दुखत होतं, पण मी बोलत नव्हते. पंचफुलाला तर पेन धरवेना. तिची आई सोजरबाई शेतातून थेट आली. “बाई, तुमी पोरीले शिकवून राह्यल्या का मोडून राह्यल्या? सुट्टीत कापूस कोन येचीन, तुमी?”

मुली खुदकन हसल्या. मला हसू आलं नाही. आमच्या प्रमुख जयवंताबाईंनी शनिवारपर्यंत मुदत दिली होती. तोवर सुधारणा दिसली नाही तर दंड कायमचे बंद, मुलींनी रांगोळी शिकावी.

गादीवर करून पाहिले, हात आणखीच मुडपले. मुठींवर केले, कातडी सोलली.

मी दंड शिकले कुठे, असं तुम्ही विचाराल. बारा वर्षांची असताना तुम्ही मला तालमीच्या दारातून परत पाठवलं होतं. मी परत फिरले, पण घरी गेले नाही. मागच्या कडब्याच्या गंजीआड बसले. तीन वर्षं बसत होते. तिथून पाठी दिसायच्या, कोपरं दिसायची, तुमच्या शिव्या ऐकू यायच्या. पंजे कधी दिसलेच नाहीत. ते मी मनानेच ठरवले: बोटं आत वळवायची, सगळा भार मनगटापाशी. शिवाय तुमच्याकडे माती, पंजा तिच्यात रुतून बसतो. आमच्याकडे शहाबादी फरशी.

गेल्या रविवारी मी गावी, तामसीला आले होते, हेच विचारायला. तुम्ही पोरांवर ओरडत होतात. माझी हिंमत झाली नाही. मी मागच्या दाराने तुमच्या घरात, रेणुकाकाकूंच्या चुलीपाशी गेले. माझं सुजलेलं मनगट पाहून त्यांनी भाकरी तव्यावर टाकली आणि परातीतल्या पिठावर पंजा टेकून दाखवला. “बोटं फाकव. मधलं बोट समोर. भार बोटाच्या बुडाशी. वस्तादाचं मनगट दुखलं तवा रोज हेच बडबडत होते.” मग फळीवरून तुमचे दंड काढायचे लाकडी हत्ते काढून दिले.

होय काका. आठवडाभर तुम्ही जे शोधताय, ते माझ्याकडे आहेत. काकूंना बोलू नका.

हत्ते मुठीत धरले की मनगट मागे वाकतच नाही! सोमवारी ते घेऊन निर्मलला गेले. खेळणी करणारे धोंडीबा हसले, “खेळन्यातल्या पोपटाचं हलकं लाकूड मानसाचा भार पेलत नाही, बाई.” त्यांनी सागाचे अकरा जोड केले, पण हाताची सवय जाईना. प्रत्येक जोडीवर लाल चोचीचा पोपट आहेच.

चार दिवस मनगटांना विश्रांती दिली. काल शनिवारी अकरा मुली हत्त्यांवर, अकरा फरशीवर, काकूंनी दाखवल्यासारखा पंजा टेकून. मग अदलाबदल. एकीचंही मनगट दुखलं नाही. पंचफुलाने पंचवीस काढले. ते पाहून, लेकीला बघायला आलेली सोजरबाई पदर खोचून पुढे आली. चार काढले, पाचव्याला पोटावर आडवी झाली आणि तशीच हसत राहिली. “काऊन पाहता? हात नाही दुखला माहा, पोट आडवं आलं!” जयवंताबाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या. रांगोळीचं नाव कुणी काढलं नाही.

काकू आणखी एक बोलल्या होत्या. लिहू की नको, असं करत इथवर आले. मी निघताना त्या म्हणाल्या, “तू गंजीआड बसत होती, ते त्याहिले ठाऊक होतं. इतक्या वर्षांत कडबा हलवू देला का कोनाले?”

बसमध्ये मी सारखी रडत होते आणि हसत होते.

हत्ते कुणाच्या हाती पाठवणार नाही. न्यायला तुम्हीच या. सकाळी सहाला आम्ही ओसरीत असतो. अगदी समोर उभे राहा, आमचे पंजे पाहा, आणि चुकले तर मोठ्याने शिव्या द्या.

गंजीआडून उठून समोर आलेली,
तुमची शिष्या
कौशल्या