तिसावं पत्र

किटरी बंदर, मार्च १८५५

प्रिय एसाहेल,

तिसावं पत्र आलं. तुझे बाबा प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात आकडा टाकायचे. समुद्रावरची पत्रं क्रमानं येत नाहीत, म्हणून आरमारातल्या सगळ्याच घरांत ही रीत. वाचायला मी त्यांच्या पत्रांवरच शिकले. आधी ते गेल्याची बातमी आली, मग एकतिसावं. तिसावं त्यांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, घरी परतणाऱ्या एका देवमाशांच्या शिकारी जहाजावर दिलं होतं. त्या कप्तानाची तेलाची पिंपं भरली नव्हती, तो पुन्हा शिकारीलाच वळला. पाच वर्षं पत्र त्याच्या पेटीत पडून होतं. काल शेजारच्या थँकफुलबाईनं टपालातून आणून दिलं. म्हणाली, "घ्या प्राउसबाई, तुमच्या नवऱ्यानं मेल्यावरही उशीर करणं सोडलं नाही." मग माझा चेहरा पाहून चहा तिनंच ओतला.

उशीर त्यांच्या नशिबातच होता. चौदाव्या वर्षी आरमारात गेले आणि पुढे बावीस वर्षं लेफ्टनंटच राहिले. वरचा मेल्याशिवाय खालचा चढत नाही. घरी आले की अधिकाऱ्यांची यादी घेऊन बसायचे नि हसायचे, "रूथ, माझ्या वरचे सगळे फार निरोगी आहेत बघ." दहा वर्षं खडकांभोवतीच्या पाण्याची खोली मोजली, नकाशावर त्यांचं नाव कुठेच नाही. तू जन्मल्याचं त्यांना कळलं तेव्हा तुला दात आले होते.

एकतिसाव्यात एवढंच होतं: 'पोराबद्दल तिसाव्यात लिहिलंय, तसंच कर.' तू तेव्हा पंधराचा, रोज धक्क्यावर उभा. मला वाटलं, आरमारातला बाप दुसरं काय लिहिणार? तू विचारलंस, "आई, बाबांची हीच इच्छा होती ना?" मी हो म्हटलं. तुझ्या आरमारातल्या भरतीच्या अर्जावर सही केली.

काल वाचलं. 'त्याला जमिनीवर ठेव. सुतारकाम शिकव, काहीही शिकव. तो रडेल, रागावेल. तू ऐकू नकोस.'

मी हो म्हटलं तेव्हा मला ठाऊक नव्हतं, एसाहेल. हे सांगायलाच लिहिते आहे. तुझ्या जहाजाचा चौदा महिने पत्ता नाही. गेल्या आठवड्यात आरमार खात्यानं तुम्हा सगळ्यांची नावं यादीतून काढली. तुझ्या खालचा कुणी आता वर चढला असेल. हे पत्र कुठे पाठवायचं, ते कोणी सांगत नाही. तरी कोपऱ्यात आकडा टाकला आहे, सव्वीस. पंचविसावं तुला मिळालं की नाही, तेही मला कळलेलं नाही.

तुझीच,
आई