मंदऱ्यातली शाळा

प्रिय नाहिद,

बारा वर्षांनी माझं अक्षर बघून तुला नवल वाटेल. तुझा नंबर तुझ्या चुलतबहिणीने दिला होता. दोनदा लावला आणि वाजायच्या आत बंद केला. लिहिताना निदान मध्ये थांबता येतं. इकडे सगळे बरे आहेत. आई गेल्या हिवाळ्यात गेली, फार हाल झाले नाहीत. कालव्यावर आता पक्का पूल आहे, त्यामुळे उसाच्या गाड्या थेट वस्तीपर्यंत येतात आणि घराघरांत धूळ बसते. शाळा चालू आहे. एकतीस मुलं आहेत, त्यांत एकोणीस मुली.

शाळा अजून हाजी मुतवल्लींच्या मंदऱ्यातच भरते. पाहुण्यांना बसवायची ती लांबट खोली त्यांनी शाळेला दिली, तेव्हा त्यांचे भाऊ म्हणाले होते, ‘उद्या सोयरे आले तर त्यांना काय गोठ्यात बसवणार?’ हाजी म्हणाले, ‘मुलांच्या मागे बसतील. दोन अक्षरं त्यांनाही येतील.’ तुला आठवत असेल, सरकार पुस्तकं आणि आपल्या दोघी शिक्षिकांचा पगार देणार होतं, बाकी सगळं वस्तीने करायचं होतं. उम्म जाबिर आणि तिच्या जावांनी भिंतींना माती लावली. हाजींनी स्वतः खजुराच्या लाकडाची बुटकी बाकं केली, ती अजून डुगडुगतात. शाळेच्या समितीचे अध्यक्ष हाजीच. तिच्या पहिल्या बैठकीला बायका उंबऱ्याबाहेर बसल्या होत्या. कांद्याच्या काढणीत शाळा कधी भरवायची यावर पुरुष तासभर वाद घालत होते, आणि बाहेरून उम्म जाबिर म्हणाली, ‘कांदे आम्ही काढतो, पोरं आमची, आणि वेळ तुम्ही ठरवताय?’ त्यानंतर बायका आत बसू लागल्या. एका वर्गाला दोन बाया कशाला, माझ्या बैलाला मी एकटा हाकतो, असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा तू शांतपणे म्हणालीस, ‘बैलाला गणित शिकवा, मग बघू.’ हाजी सगळ्यांत जास्त हसले होते. तू गिरगाची, शहरातली, पण वस्तीने आधी तुला आपलं म्हटलं. मला ते फारसं आवडलं नव्हतं. हेही आता लिहून टाकते.

वर्दाची गोष्ट तुला सांगायला नको, तरी माझ्या बाजूची सांगते. ती हाजींची सगळ्यांत धाकटी मुलगी, तेव्हा तेरा वर्षांची. एका दुपारी आपण भिंतीवर चित्रं लावत होतो. तू बाहेर हात धुवायला गेलीस, तेव्हा ती मला म्हणाली, ‘बाई, माझं चित्र लावू नका. पुढच्या गुरुवारी मी नसेन.’ रडत वगैरे नव्हती. पलीकडच्या गावातल्या चाळिशीच्या माणसाशी तिचं ठरलं होतं. मी हाजींशी बोलायला हवं होतं. आपण दोघींनी मिळून बोलायचं, उम्म जाबिरला सोबत घ्यायचं, असं काहीतरी. पण मला भीती वाटली की ते हो म्हणतील, गोड बोलतील आणि गुरुवारी लग्न लावतील. माझ्याकडे तेव्हा फोन नव्हता. आईला फोन करायचा आहे असं सांगून मी तुझा घेतला, उसाच्या कडेला जाऊन उभी राहिले आणि मुलांच्या तक्रारींचा सरकारी नंबर फिरवला. नाव सांगितलं नाही.

बुधवारी अधिकारी आले. नवऱ्याकडची माणसं समोर बसलेली असताना त्यांनी हाजींकडून कागदावर सही घेतली. लग्न मोडलं. आलेल्यांपैकी एकाने जाता जाता सांगितलं की फोन कुठल्या नंबरवरून आला होता. हे त्याने सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवशीची बैठक मी तुझ्यापेक्षा जास्त वेळा आठवली असेन. हाजी बाकावर बसले नाहीत, उभेच राहिले. त्यांनी एवढंच विचारलं, ‘हा नंबर कुणाचा?’ तू म्हणालीस, ‘माझा.’ मग तू माझ्याकडे बघितलंस. फार वेळ नाही, कुणाच्या लक्षातही आलं नसेल. मी खाली मान घालून हजेरीची वही सरळ करत होते. उम्म जाबिर तुला म्हणाली, ‘आम्हाला एकदा विचारायचं तरी होतंस गं. आम्ही काय मेलो होतो?’ त्यावर तू म्हणालीस, ‘जे झालं ते मुलीसाठी झालं. शाळा बंद करू नका. मी उद्यापासून येत नाही.’ पिशवी घेऊन निघालीस तेव्हा एकही माणूस उठला नाही. आठवडाभर मुलं आली नाहीत, मग हळूहळू आली. सगळा राग तू घेऊन गेलीस म्हणून शाळा वाचली, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी स्वतःला समजावलं की मला इथेच राहायचं होतं आणि तुला शहरात परतायला साडेपाचची गाडी होती. हे समजावणं पुष्कळ वर्षं पुरलं.

वर्दा शिकली. डिप्लोमा करून एकोणिसाव्या वर्षी तिने लग्न केलं, आता किना शहरात असते. दोन मुलं आहेत. ईदला येते, शाळेत डोकावते. सुखी आहे का, हे मी विचारलेलं नाही. हाजींनी तो विषय परत काढला नाही, मात्र बैठकीत बाहेरच्या बाईचा विषय निघाला की ते फक्त ‘एकदा पाहिलं’ एवढंच म्हणायचे आणि सगळे समजायचे.

या वर्षी मुलं मावेनात. समितीने जागा दिली तर सरकारकडून दोन खोल्या बांधून मिळतील आणि आणखी एक शिक्षिका मिळेल, असं कळलं. हाजींनी रस्त्यालगतचा तुकडा देऊ केला, तेवढा चांगला तुकडा वस्तीत दुसरा नाही. फक्त म्हणाले, ‘एक अट. बाई वस्तीतलीच हवी. आपल्या या रस्मियासारखी. त्या नाहिदसारखी नको, घरात शिरून घर फोडणारी.’ सगळ्यांनी माना हलवल्या. सत्तावीस माणसं होती. मी म्हणाले, ‘फोन मी केला होता. नाहिदचा फोन मागून घेतला होता. तिला माहीतही नव्हतं.’ आवाज वर्गात निघतो तसाच निघाला.

हाजी माझ्याकडे वळून म्हणाले, ‘बारा वर्षं माझ्या घरचा चहा प्यालीस तू.’ मी हो म्हणाले. ते काठी घेऊन उठले. दारापाशी समितीतल्या कुणीतरी चाचरत विचारलं, ‘आणि हाजी, जमीन?’ ते मागे न वळता म्हणाले, ‘जमीन शाळेला दिली. हिला कुठे दिली होती?’ अध्यक्षपद त्यांनी सोडलंय. उम्म जाबिरला बसवलंय, तिला सही येते, ती आपणच शिकवली होती. मी समोरून आले की हाजी रस्ता बदलत नाहीत, पण सलामही घेत नाहीत. वर्षअखेरीपर्यंत शिकव, असं समितीने मला सांगितलंय. पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

येत्या रविवारी उम्म जाबिर आणि आणखी दोघी गिरगाला तुझ्या घरी येणार आहेत. उन्हात पीठ फुगवून भाजलेल्या भाकरी आणतील, आधी रडतील, मग नव्या वर्गावर ये म्हणतील. मी त्यांच्यासोबत नाही. त्यांनी बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी आले नसते. तुला यायचं नसेल तर नाही म्हण, त्यांच्या वयाकडे बघून हो म्हणू नकोस. हे पत्र मी माफी मागायला लिहीत नाही. माफी मागायला त्या येताहेत, खरं तर ती त्यांनी मागायचं कारण नाही. पण त्या दारात उभ्या राहिल्या की तुझ्या मनात पहिलं येईल ते हेच, की यांना कुणी सांगितलं. मी सांगितलं. एवढं तरी तुला माझ्याकडून कळावं.

तुझीच म्हणवून घ्यायचं का, ते तू ठरव,
रस्मिया