वटवाघळं, बस आणि माझं पहिलं भाषण

स्कार्थवेट, यॉर्कशायर
१४ नोव्हेंबर १९९९

तीर्थरूप लेटिशिया आत्यांना,

ऑब्रेचा नमस्कार (गुडघा वाकत नाही, तरी वाकलो असं समजावं). तुमचा खोकला आणि तुमची चावरी कुत्री, दोन्ही शांत असतील अशी आशा आहे.

आम्हा वारशाने बसलेल्या उमरावांना संसदेच्या वरच्या सभागृहातून नारळ मिळाला, हे वाचलंच असेल. बाबा गेल्यापासून बावीस वर्षं मी तिथे बसलो आणि एक शब्द बोललो नाही. (बाबा एकदाच बोलले होते, खिडकी लावा म्हणून.) पण जिल्ह्याने आमच्या गावची बस बंद करायचं ठरवलं, तेव्हा बस चालवणाऱ्या एनिड डॉब्जबाईंनी मला भर थांब्यावर गाठलं. "काय हो लॉर्डसाहेब, तिथे जाऊन नुसती बाकं उबवता का? आमच्या म्हाताऱ्यांनी दवाखान्यात काय उडत जायचं?" ते मला फार लागलं.

म्हणून शेवटच्या आठवड्यात मी उभा राहिलो. आणि चक्क बोललो. म्हटलं, हे जीव दुबळे आहेत, अंधारात त्यांना नीट दिसत नाही, रविवारी न चुकता चर्चमध्ये येतात, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांना हुसकावलंत तर त्यांनी जायचं कुठे? सभागृह माना डोलावत होतं. समोरच्या एका बाईंनी तर डोळे पुसले. मग मी म्हणालो, "आणि बुधवारी बाजारातून बटाटे कसे आणायचे त्यांनी?" तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या लॉर्डने माझा कोट ओढला. "अरे बाबा, खाली बस! चर्चमधल्या वटवाघळांवर चर्चा चाललीय. बसचा विषय सकाळीच संपला!"

सकाळी मी सभागृहाच्या जेवणघरात मूत्रपिंडाच्या पुडिंगवर ताव मारत होतो.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चित्र आलं: बसच्या रांगेत टोपी घालून, पिशव्या घेऊन उभी वटवाघळं. सारा देश हसला, जिल्ह्याचे साहेब ओशाळले, आणि बस राहिली! डॉब्जबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "वेड्यासारखं बोललात, पण बोललात." आत्या, मला इतकं बरं बावीस वर्षांत कधी वाटलं नव्हतं.

तुमचा
ऑब्रे

ता. क. डॉब्जबाईंच्या कमरेचं ऑपरेशन आहे. बस राहिली, पण चालवायला माणूस नाही. गावाने एकमताने मला निवडलं, आणि टाळ्यांच्या भरात मी हो म्हणून बसलो.

आणखी एक ता. क. मला गाडी चालवता येत नाही. तुम्ही युद्धात लष्करी ट्रक हाकले होते, म्हणून तुमचं नाव दिलं आहे. सोमवारी सकाळी सव्वासातची फेरी. कुत्रीला तिकीट लागत नाही.