दहा दिवस बांधलेला कुत्रा

२ डिसेंबर १९५५, केनवड
वाशीमच्या मोटारीतून उतरलो तो खुशीतच. पहिलीच नेमणूक, नवी खाकी, टपालाची पिशवी आणि सायकल! वांगी विकणाऱ्या कस्तुराबाईंकडे खोली मिळाली. ज्वारीची गरम भाकरी, अंबाडीची भाजी. गाव आवडलं.

७ डिसेंबर
शिरपूरच्या वाटेवर पंजाबरावांचा मळा आहे. त्यांचे दोन तांबडे कुत्रे, एकाच वेताचे, ओळखू न येण्याइतके सारखे. दोघेही मोकळे. सायकलीमागे लागले. बांधून ठेवा म्हटलं तर पंजाबराव हसले. तीन जणांना चावलेत म्हणे. दरवेळी हे म्हणतात, कुत्रा माझा नाहीच.

१२ डिसेंबर
आज चावला. डाव्या पोटरीचा लचकाच तोडला. पंजाबराव बांधावरून बघत होते. वर मलाच म्हणाले, "तुमी सायकल आंगावर कायले घातली त्याच्या?"

१३ डिसेंबर
वाशीमला डॉक्टरांनी जखम धुतली. कुत्रा दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवा, मेला किंवा हरवला तर त्याच दिवशी इंजेक्शनाला या, असं बजावलं. पंचांसमोर पंजाबरावांनी जबाबदारी घेतली. रोज कुत्रा दाखवणार.

१७ डिसेंबर
कुत्रा साखळीला आहे, भाकर खातो. दुसरा शिरपूरकडच्या शेतावर पाठवला म्हणाले. गावात मात्र माझ्याशी कुणी बोलत नाही. पारावर गेलो की माणसं उठतात. बाहेरच्यानं येऊन पंजाबरावांना पंचांत उभं केलं, हा राग.

२३ डिसेंबर
दहा दिवस झाले. कुत्रा ठणठणीत. उगाच संशय घेतला, म्हणून पंजाबरावांची माफी मागितली. ते केळीच्या बागेला पाणी सोडायला निघून गेले.

१६ जानेवारी
दोन दिवस पोटरीला मुंग्या येतात. जखम तर भरली आहे.
दुपारी गोजराबाई आली. पंजाबरावांच्या गोठ्यात कामाला असते. दारातच रडू लागली. "भाऊ, तुमाले चावला तो तिसऱ्याच दिवशी मेला. तोंडाले फेस व्हता. केळीत गाडला. तुमाले दाखवला तो त्याचा भाऊ. बोलली त कामावरून काढीन म्हने मले."

१७ जानेवारी
मळ्यावर गेलो. कोणता दुसरा कुत्रा, म्हणाले. "माहा एकच कुत्रा व्हता." पंचांकडे गेलो. तेही म्हणाले, एकच होता. सगळे एकच म्हणतात. गोजराबाईसुद्धा, त्यांच्यासमोर, मान खाली घालून.
वाशीमला जाऊन इंजेक्शन घेतलं. डॉक्टर माझ्याकडे बघत नव्हते. उद्यापासून रोज यायचं.

१८ जानेवारी
अंगात ताप. मोटारवाल्यानं चढू दिलं नाही. पंजाबरावांचा माणूस त्याच्या कानाशी लागला होता.

१९ जानेवारी
कस्तुराबाईंनी चहा दिला. कप ओठांपाशी नेला आणि गळा— आवळूनच आला. कप फुटला. तहान आहे. फार तहान आहे. पाणी नुसतं दिसलं तरी—

सकाळ. तारीख ठाऊक नाही
दाराच्या फटीतून वारा. तोही सोसत नाही. बाहेर माणसं जमलीत. पंजाबराव सांगतायत, पोस्टमनले पहिल्यापासून फिट येत व्हती. कुणीतरी बाहेरून कडी घातली. कस्तुराबाई भांडतायत, उघडा म्हणून. कुणी उघडत नाही.

हात ऐकत नाही. लिहून ठेवतो. कुत्रे दोन होते. चावला तो पंजाबरावांचा. केळीत उकरून बघा, मी खोटं नाही—
कस्तुराबाई, ही वही डॉक्टरांनाच द्या, पंचांना