बुधवारच्या जागा

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

बातमी आधी, ख्यालीखुशाली मागाहून. माझं पुस्तक निघतंय! दर रविवारी पेपरात मी जे खरडतो ना, कुठल्या गल्लीत कसलं दूध मिळतं, कुठल्या जिन्यावर बसलं की नदी दिसते, ते सगळं एका प्रकाशकाने छापायला घेतलंय. आधी वाटलं, माणूस माझी फिरकी घेतोय. पण मजकूर छापखान्यात गेलासुद्धा.

नाव ठेवलंय 'बुधवारच्या जागा'. का ते तुला सांगायला नको. लोकांचे बाबा रविवारी घरी असतात, आपले बुधवारी असायचे. विमा कंपनीतली फिरतीची नोकरी, काय करणार! संध्याकाळी यायचे, आईला शिवणयंत्रावरून उठूही द्यायचे नाहीत आणि आपल्या दोघांना घेऊन निघायचे. बेकरीची मागची खिडकी, तिथली गरम तुटकी बिस्किटं. रंगाऱ्यांच्या गल्लीतलं दुधाचं दुकान, पडद्याआड दोनच टेबलं. मालधक्क्यामागची ड्रायव्हर लोकांची खानावळ. चौकातल्या मोठ्या हॉटेलात ते आपल्याला कधी घेऊन गेले नाहीत. म्हणायचे, तिथे आरसे बघायला जातात, खायला नाही. अशी नजर किती जणांना असते? आज लोक मला रस्त्यात थांबवून विचारतात की या जागा सापडल्या कशा. मी सांगतो, वारसाहक्काने.

आणि आपला तो खेळ! घराबाहेर पडलं की बाबांना 'साहेब' म्हणायचं. चुकून 'बाबा' म्हटलं की हरलात, सरबत बंद. मी एकदाही हरलो नाही. तू मात्र बेकरीपाशी हरलीस आणि घरी येईपर्यंत मुसमुसत होतीस. मला अजून हसू येतं.

आता कामाचं. ते सरबताचं दुकान नेमकं कुठे होतं? पुढच्या लेखात घालायचंय, पण सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या तरी सापडत नाही. दुसरं, बेकरीवाल्याच्या मेव्हण्याने काढलेला आपला तो फोटो, बाबा खो खो हसतायत, मी त्यांच्या खांद्यावर आणि तू कडेला अर्धी कापलेली, तो मोठा करून प्रकाशनाला लावणार आहे. पुस्तक अर्थातच बाबांना अर्पण. प्रकाशन ११ मार्चला, बुधवारीच. तू आणि आई दोघींनी यायचं. गुडघ्याची सबब चालणार नाही, मी गाडी पाठवतो.

आईला नमस्कार सांग. पुस्तकामुळे डोक्यात हवा गेली तर कान धरायला तू आहेसच, तो हक्क सोडू नकोस.

तुझा,
भिंगरी

ता. १० फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
ताईचे अ. आ.

तुझं पत्र दुकानात आलं. काचा घासायचं काम बाजूला ठेवून आधी ते वाचलं, त्यामुळे एका गिऱ्हाइकाला चष्मा उशिरा मिळाला आणि मालकांची बोलणी मला मिळाली. पुस्तकाबद्दल मनापासून अभिनंदन. घरात स्वतःचे मोजे ज्याला सापडत नाहीत त्याला अख्खं शहर सापडलं, याची मला फार गंमत वाटते.

सरबताचं दुकान तुला रस्त्यावरून दिसायचं नाही. पुस्तकबांधणीवाल्याच्या दुकानातून आत जायचं, मागे फरसबंदी अंगण लागतं, तिथे डाव्या हाताला बुटकं दार आहे. आपण पुढच्या बाजूने कधी गेलोच नाही. त्या दारातून मोठ्या माणसाला वाकून जावं लागायचं, तू मात्र सरळ पळत जायचास.

प्रकाशनाला आम्ही येत नाही. आईचा गुडघा ही सबब नाही, पण तीच आहे असं समज. आणि एक सांगते, तो फोटो लावू नकोस. घरात ठेव, उशाशी ठेव, पण चारचौघांत लावू नकोस. अर्पणही दुसऱ्या कुणाला कर, हवं तर त्या बेकरीवाल्याला. का, ते विचारू नकोस. आजवर मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही, एवढं ऐक.

आईला तुझे लेख मी दाखवत नाही. तुला ते लागेल हे माहीत आहे, पण खोटं कशाला लिहू? तिने एकदा विचारलं, तर मी सांगितलं की तू बागांबद्दल लिहितोस. तिला बागा आवडतात.

जेवणाच्या वेळा पाळ. दुसऱ्यांना कुठे खावं ते सांगणारा स्वतः उपाशी राहतो, हे मला ठाऊक आहे. माझी माया आहेच, पण ती ऐकणाऱ्या भावाला जास्त मिळते.

तुझी,
ताई

ता. १६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सरबताचं दुकान सापडलं, आभारी आहे. बाकीचं पत्र मात्र वाचून डोकं फिरलं. आयुष्यात पहिल्यांदा काही धड हातून होतंय, तर तुम्ही दोघी तोंड फिरवून बसलात! बागा म्हणे. आईला सांगायची लाज वाटावी असं मी काय लिहिलंय?

खरं सांगू का, तुला बाबा कधी आवडलेच नाहीत. तेव्हाही तू टेबलाशी गाल फुगवून बसायचीस. बाबा तुला नेहमी पुढे पाठवायचे, आत जागा आहे का बघून यायला. किती विश्वास होता तुझ्यावर! आणि तू परत यायचीस ती एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून. ते फिरतीवर असताना परगावी एकटे गेले, शेवटी जवळ कुणी नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं. तुझ्या डोळ्यांत तेव्हाही पाणी नव्हतं. नऊ वर्षांचा होतो, पण एवढं कळत होतं.

तुला नसेल कौतुक, परक्यांना आहे. परवा पेपरच्या कचेरीत एक गृहस्थ मला शोधत आले. साठीला टेकलेले, हातात लांब छत्री, बोलणं अगदी अदबीचं. मी एका लेखात लिहिलं होतं ना, की बाबा चमचा रुमालाच्या टोकाने पुसायचे, उजेडात धरून बघायचे आणि पाव मोडण्याआधी त्यावर बोटाने टकटक करायचे? ते वाचून आले होते. त्यांचे वडीलही अस्सं करायचे म्हणे. तेही विमा कंपनीतच मोठे साहेब होते. मी म्हटलं, तिथे नोकरीला लागल्यावर आधी चमचे पुसायला शिकवत असतील. ते हसले नाहीत. त्यांचे वडील दर रविवारी त्यांना चौकातल्या मोठ्या हॉटेलात नेत, खिडकीपाशी ठरलेलं टेबल होतं, आणि या माझ्या गल्ल्यांतलं त्यांना काहीच कधी दिसलं नाही, असं म्हणाले. माझे वडील कधी गेले, हेही त्यांनी दोनदा विचारलं. जाताना छत्री विसरले, मी जिन्यात पळत जाऊन दिली. त्यांनाही ११ तारखेचं आमंत्रण दिलंय. म्हटलं, तेव्हा वडिलांचा फोटोच बघा.

फोटो लागणार. अर्पण छापून झालंय. तुम्हाला यायचं तर या.

रागात असलो तरी तुझाच,
भिंगरी

ता. २० फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. आता लपवण्यात अर्थ नाही. ते छत्रीवाले गृहस्थ आणि आपण एकाच बापाची मुलं आहोत.

बाबांची फिरतीची नोकरी नव्हती रे. त्यांचं घर त्याच शहरात होतं, चौकापलीकडच्या रुंद रस्त्यावर. तिथे त्यांची लग्नाची बायको होती, मुलगा होता, रविवार होता. आई त्यांच्या कचेरीत टायपिस्ट होती. मी पोटात राहिले तशी तिची नोकरी सुटली आणि त्यांनी तिला खोली घेऊन दिली. आपण त्यांचं बुधवारचं घर. तुझ्या शाळेच्या दाखल्यापासून सगळं मामाने निभावून नेलं, म्हणून तुला कधी अडचण आली नाही आणि तू कधी विचारलंही नाहीस.

त्या जागा त्यांना आवडायच्या म्हणून आपण तिथे जात नव्हतो. तिथे त्यांच्या ओळखीचं कुणी येत नव्हतं म्हणून जात होतो. मला पुढे पाठवायचे ते टेबल बघायला नाही, माणसं बघायला. कचेरीतल्या कोण कोण माणसांना ओळखायचं ते त्यांनी मला शिकवून ठेवलं होतं, टोपीवाला कोण, सोनेरी चष्म्याचा कोण. ते माझं काम होतं. मग गाल फुगणार नाहीत तर काय?

आणि खेळ. तू अजून त्याला खेळ म्हणतोस. बेकरीपाशी त्या दिवशी टोपीवाला आलाच. बाबांनी न अडखळता सांगितलं की ही आमच्या कारकुनाची पोरं, घरी आजारपण आहे म्हणून जरा फिरवून आणतो. तू शहाण्यासारखा 'साहेब, अजून एक बिस्किट' म्हणालास. मी 'बाबा' म्हणून ओरडले. चुकून नाही, मुद्दाम ओरडले. मी अकरा वर्षांची होते आणि मला ते एकदा मोठ्याने म्हणायचं होतं. बाबा हसून म्हणाले, पोरगी लाघवी आहे, कुणालाही बाबा म्हणते. पुढे कितीतरी बुधवार ते माझ्याशी बोलले नाहीत.

ते परगावी एकटे गेले नाहीत. स्वतःच्या पलंगावर गेले. तुला शेजारणीकडे ठेवून मी आणि आई चौकात चपलांच्या दुकानाच्या आडोशाला उभ्या राहिलो आणि समोरून जाताना त्यांना बघितलं. पुढे मडकं धरून एक तरुण मुलगा चालत होता, कपाळ थेट तुझं. तेच हे छत्रीवाले. आईने तोंडात पदर कोंबला होता, कुणी विचारलं तर काय सांगायचं म्हणून. रडायचीसुद्धा चोरी! म्हणून माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

आणखी एक ऐक. तुझ्या पुस्तकातल्या एकाही जागी आई कधी गेलेली नाही. बाबा तिला कौतुकाने बसवून ठेवत नव्हते. पोरं कारकुनाची म्हणून खपतात, बाई कुणाची म्हणून सांगणार? तुला त्यांनी शहर दाखवलं नाही, शहरापासून लपवलं. तू त्या लपायच्या जागा जिवापाड जपल्यास आणि आता जगाला दाखवतोयस. मला तुझा राग येत नाही.

काल आईला पुस्तकाचं, फोटोचं, त्या गृहस्थांचं सगळं सांगितलं. वाटलं, कोसळेल. तिने सुईत दोरा ओवला आणि म्हणाली की आता तिला कुणाची भीडभाड उरली नाही, फोटो लावायचा तर खुशाल लावू दे.

मग माझंही ऐक. लाव फोटो. तो गृहस्थ समोर उभा राहून विचारील, हे कोण. तेव्हा सगळ्यांच्या देखत मोठ्याने सांग की हे माझे बाबा. आईसाठी सांग, माझ्यासाठी सांग. मी म्हटलं ते हसण्यावारी नेलं गेलं, तुझं कुणी नेणार नाही.

जीव तुझ्याकडे लागलाय. काय झालं ते लगेच कळव, आणि माझा राग आला असेल तर येऊन भांड, पण अबोला धरू नकोस.

तुझी,
ताई

ता. १२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल प्रकाशन झालं. हॉल भरला होता. फोटो दारासमोरच लावला होता, माणसाच्या उंचीएवढा. तुझा अर्धा चेहराही मोठा झाला होता, तो मी पहिल्यांदाच नीट बघितला.

तुझं पत्र आल्यापासून मी एकाही गल्लीत गेलो नाही. खोलीत आरशासमोर उभा राहून तेवढं एकच वाक्य म्हणत होतो. सकाळी दाढी करताना म्हणालो, रिक्षात म्हणालो, रिक्षावाल्याने मागे वळून बघितलं.

ते आले, छत्रीसकट. फोटोसमोर कितीतरी वेळ उभे होते. आजूबाजूला पाच-पन्नास माणसं, प्रकाशक, पेपरवाले. मग वळून त्यांनी मला विचारलं की हे तुमचे कोण.

ताई, मी म्हणालो, आमचे साहेब.

तोंडातून आपसूक निघालं, आणि एकदा निघाल्यावर पुढचंही निघालं. माझे वडील यांच्याकडे कारकून होते, घरी आजारपण असायचं, साहेब आम्हा मुलांना फिरवून आणायचे. लेखांत 'बाबा' लिहिलं ते लिहिण्याच्या सोयीसाठी. न अडखळता सांगितलं गं, अगदी त्यांच्यासारखं. गृहस्थांना हेच ऐकायचं असावं. चेहरा सैल पडला, डोळे भरून आले. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, कारकुनाच्या मुलांनासुद्धा जीव लावायचे, असे होते आमचे वडील. मग पुस्तक उघडलं, अर्पण वाचलं, 'बाबांना', आणि माझ्या पाठीवर थोपटून म्हणाले की कारकून वडिलांची आठवण ठेवलीत, फार बरं केलंत.

फोटो त्यांनी मागितला. त्यांच्या घरी वडिलांचा हसतानाचा एकही फोटो नाही म्हणे, रविवारी ते कधी हसायचे नाहीत. मी उतरवून, कागदात गुंडाळून दिला. आपल्याकडचा मूळ फोटोही देऊन बसलो. का दिला, विचारू नकोस. साहेबांची वस्तू साहेबांच्या मुलाने मागितली, मी कोण नाही म्हणणार?

नंतर ते मला चौकातल्या मोठ्या हॉटेलात घेऊन गेले. खिडकीपाशी त्यांचं टेबल अजून आहे. त्यांनी मला आवडेल ती खुर्ची घ्यायला सांगितली. कॉफी अर्धी झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी रस्त्याकडे पाठ करून बसलोय. समोरच्या आरशात बघितलं, तर मी चमचा पुसत होतो.

तू अकराव्या वर्षी केलंस ते मला सत्तेचाळिसाव्या वर्षी जमलं नाही. आईला काय सांगायचं ते तूच ठरव. आणि तुझ्यावर रागावलो होतो, त्याची मला आता शरम वाटते.

पुढच्या रविवारी पेपरात माझा लेख नसेल. मी तिकडे येतोय. आईला जिथे जायचं असेल तिथे घेऊन जाईन, भर रस्त्याने, बागेत म्हणाली तर बागेत. तोवर माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस, मागायला तोंड नाही तरी मागतो.

खेळ मी अजूनही हरलेलो नाही, ताई.

तुझा,
भिंगरी