तंबूत तुम्ही ओरडलात तेव्हा

बाबा, इंग्रजांच्या वेळी नागपूरहून शेगावला तंबूतला सिनेमा आला होता, आठवतं? आपण रेल्वे फाटकापलीकडच्या नव्या वस्तीत राहायचो. घरं सगळी सारखी आणि माणसांची तोंडंही सारखीच उतरलेली. तुम्ही कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कारकून. कोट आणि काळी टोपी घालून, भाकर बांधून रोज सकाळी निघायचात. सिनेमा हसवणारा आहे म्हणून तुम्हीच हौसेनं आम्हाला नेलंत. पुरुष पलीकडे बसले, बाया कनातीच्या अलीकडे, मी आईला टेकून. पडद्यावर आपल्यासारखीच एक वस्ती. एकाची बढती राहिलेली, एकीचं गाणं शिकायचं राहिलेलं, आणि एका कारकुनाची नोकरीच सुटलेली. बायकोला कळू नये म्हणून तो रोज डबा घेऊन निघतो आणि बागेतल्या बाकावर बसून खातो. कावळा त्याची पोळी पळवतो, लोक पोट धरून हसताहेत, आणि एकदम तुमचा आवाज येतो, "अबे, सांगून टाक ना तिले! काऊन लपवून राह्यला?" लोक सिनेमापेक्षा तुम्हालाच जास्त हसले. आई हसली नाही. पडद्याकडे बघत ती हळूच पुटपुटली, "तिले मालूम हाय."

घरी आल्यावर मी तिला खोदून विचारलं. तुम्ही अंगणात पाय धूत होतात. "तुह्या बाबाले जिनातून काढलं," ती म्हणाली. "कोटावरचा कापूस पाह्य. जिनातला पांढरा राह्यते. हा आपल्या उशीतला हाय." जिनातून येणाऱ्या माणसाच्या अंगावर कापसाचे तंतू असतात. आई दारातच ते वेचायची. ते दिसले नाहीत तर तिला संशय येईल म्हणून तुम्ही उशी उसवून तिच्यातला जुना, पिवळा कापूस कोटाला लावत होतात. बाबा, हसावं की रडावं हो! मी म्हटलं, मग बोल ना त्यांच्याशी. ती म्हणाली, "नोको. मले मालूम हाय म्हटलं तं सकाळी निघन कुठं थो?"

दुसऱ्या दिवशी तिनं बाजारातून ताजा कापूस आणला आणि तुमच्या उशीत भरला. मग तुमच्या कोटावर पांढरा कापूस दिसायला लागला. ती तो वेचताना विचारायची, "आज लय काम होतं वाटते?" तुम्ही खाली बघून म्हणायचात, "हाव." मामा धामणगावाहून ज्वारी पाठवायचा. पगार का येत नाही, ज्वारी कशाला येते, हे कोणी विचारलं नाही. अंगात ताप असतानाही तुम्ही टोपी घालून निघालात. शेवटी लोकांनी तुम्हाला स्टेशनवरच्या बाकावरून उचलून घरी आणलं, त्यानंतर तुम्ही अंथरुणातून पुन्हा उठलाच नाहीत. तेव्हाही ती तुमच्या कानाशी म्हणाली, "सुट्टी घेतली म्हना जिनातून." तुम्हा दोघांचा मला अजून राग येतो. एक शब्द बोलला असता कोणी, तर तेवढे दिवस तरी तुम्ही घरात, आमच्यात बसला असता.

म्हणून लिहायला बसले. तिला माहीत होतं, एवढंच तुम्हाला कळवायचं होतं. पण आता वाटतं, तिकडे टपाल जात असतं तरी मी हे टाकलं नसतं. तिला काही माहीत नव्हतं असंच समजा, बाबा. सांगून टाकायची हिंमत मलाही नाही.