‘प’ म्हणजे पलीकडचे

४ मार्च, सोमवार

‘पलीकडच्या माझ्या बायांनो आणि बाप्यांनो! आज पेपरवाल्यांनी आपल्या रक्ताची अब्रू चार रकान्यांत वाळत घातलीय!’ — अशी सुरुवात केली. धुलाई कारखान्याच्या अंगणात, कपड्यांची टोपली पालथी घालून तिच्यावर उभी राहून. मागे वाफेच्या नळ्या फुसफुसत होत्या. त्यांच्यावर आवाज चढवायचा म्हणजे बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं.

मथळा असा: ‘पलीकडे गरमीचा कहर! शंभरात बासष्ट!’ शेजारच्या निवृत्त मास्तरांनी एवढंच वाचलं आणि म्हणाले, ‘खरं आहे. पत्रे फार तापतात.’ समजावताना माझीच पंचाईत. मास्तर, ती गरमी नव्हे — ही दुसरी, उपदंश, अंथरुणातून येते ती! मास्तर म्हणाले, ‘अंथरुणही तापतंच.’ हरले!

आमचे पणजे हा पूल बांधायला परमुलखातून आले. पूल झाला आणि आम्ही या टोकाला राहिलो. वेगळी बोली, काळा रंग, दाट कुरळे केस. शहराने आमचं नावच ठेवलं पलीकडचे. आमच्या दारातून पाहिलं तर तेच पलीकडे! पण पेपर तिकडे छापतात.

भाषण रंगलं. ‘जुन्या वैद्यांनी या रोगाला फिरंगरोग म्हटलं — म्हणजे परक्यांचा! प्रत्येक मुलखाने त्याला शेजाऱ्याचं नाव दिलंय. रोग आपला, बारसं दुसऱ्याच्या घरी!’ मग हुकमाचं पान — ‘या शहरातल्या एकूण एक हॉटेलच्या चादरी आपण धुतो. कोण किती सोवळा ते पेपरला काय विचारता? आम्हाला विचारा!’ हशा असा उठला की मुकादम खिडकीत आला.

शेवटी शपथ. ‘रक्त तपासायला आरोग्यचौकीवर आपली एकही बाही वर होणार नाही!’ तीनशे हात वर. त्यात भाचीचाही, एक हात सातव्या महिन्याच्या पोटावर ठेवून. बहीण गेल्यापासून पोरगी माझ्याकडेच वाढली. हात सगळ्यात उंच तिचाच.

घरी येऊन पेपर पाळण्यात टाकला. आमच्याकडे पाळण्यात रद्दी असते. नवरा पूल रंगवायच्या कामावर, त्याने उरलेल्या हिरव्या रंगाने पंचवीस वर्षांपूर्वी रंगवलेला. दोनदा दिवस गेले, दोन्ही वेळा आठव्यात बाळंत झाले, दोन्ही लेकरं रडलीच नाहीत. ‘ओरडायचं सगळं आईने घेतलं,’ असं मीच म्हणते, दुसऱ्या कुणी म्हणायच्या आत. असो. आता पाळणा भाचीकडे जाईल. रद्दी हलवायला हवी.

५ मार्च, मंगळवार

घसा पार बसला. नवरा म्हणाला, ‘देव उशिरा ऐकतो, पण ऐकतो.’

६ मार्च, बुधवार

आवाज अर्धा परत आला तशी भांडायला आरोग्यचौकीवर गेले. एक खोली, तीन खुर्च्या, एक वजनकाटा — तोही दोन किलो जास्त दाखवणारा, हे मी शपथेवर सांगते. नर्सबाई शहरातली. बुटकी, गोरी, जिभेला धार.

‘या, या!’ म्हणाली. ‘तुमच्या कृपेने तीन दिवस माशा मोजतेय. नोकरीत एवढा आराम कधी मिळाला नव्हता.’

मी म्हटलं, ‘वही दाखवा. बासष्ट माणसं कुठली ते बघू.’

‘नावं दाखवणार नाही.’

‘नावं नकोत. आकडे दाखवा.’

तिने वही आधी स्वतः चाळली. आत नुसते क्रमांक आहेत याची खात्री केली, मग माझ्याकडे सरकवली. गेल्या वर्षभरात शंभर जणांची तपासणी. पहिल्या रकान्यात माणूस कुठला — ‘अ’ म्हणजे अलीकडचा, ‘प’ म्हणजे पलीकडचा. शेवटच्या रकान्यात निकाल — ‘नि’ म्हणजे निगेटिव्ह आणि ‘प’ म्हणजे पॉझिटिव्ह.

मी दोन्ही ‘प’ पाहिले. नर्सबाईने पाहिले. आम्ही एकमेकींकडे पाहिलं.

‘अगं बाई!’ नर्सबाई म्हणाली.

पहिल्या रकान्यातले ‘प’ मोजले. बासष्ट! नगरपालिकेतल्या कारकुनाने पहिलाच रकाना मोजला होता. पलीकडचा दिसला की पॉझिटिव्ह! चूक तरी किती प्रामाणिक. लोक मनात करतात, याने कागदावर केली.

इतकी हसले की खोकला लागला. नर्सबाईने पाणी दिलं.

७ मार्च, गुरुवार

दिवसभर इस्त्रीच्या रोलरमध्ये चादरी सरकवताना भाषण जुळवलं. ‘आमचा रोग म्हणजे बाराखडीतलं एक अक्षर!’ वाक्य इतकं आवडलं की एक चादर उलटी गेली. मुकादम बोलला. बोलू दे.

८ मार्च, शुक्रवार

आनंदावर विरजण. भाषणात घालायला खरा आकडा हवा म्हणून पुन्हा चौकीवर गेले. शेवटचा रकाना मोजला. आमच्या बासष्टांत सात.

‘बघा! बासष्ट नव्हे, सात!’

‘बासष्टांत सात म्हणजे शंभरात अकरा,’ नर्सबाई म्हणाली. ‘शहरातल्या दवाखान्यात शंभरात दोन. मागच्या वर्षी असंच, त्याच्या मागच्या वर्षीही.’

‘तिकडचे साहेब खाजगी डॉक्टरकडे जातात! तिथे या रोगाचं नाव ‘त्वचेची तक्रार’!’

‘बरोबर. म्हणून दोनाचे तीन धरा. चार धरा. अकरा होतात का?’

मला पुरावा दाखवला की मी चिडते, ही जुनी खोड. ‘म्हणजे आमची माणसं घाण, असंच ना?’

तिने वही फिरवून माझ्यापुढे ठेवली. सातही नोंदींपुढे एकच शब्द — ‘पाठवले’. इंजेक्शन चौकीवर ठेवत नाहीत. ते पुलापलीकडच्या मोठ्या रुग्णालयात, मंगळवारी, दहा ते बारा. दोन बस. कारखाना सोडत नाही. ‘पाठवले. पोचले का, याला रकानाच नाही,’ ती म्हणाली. ‘मी घरोघर फिरून विचारलं. सातांतले दोन पोचले. उरलेले पाच आपल्या माणसाकडे परत जातात, तो आणखी कुठे. तुमची माणसं शहरातल्यांपेक्षा जास्त काही करत नाहीत हो बाई. तिकडे रोग आठवड्यात बरा होतो, इकडे वर्षभर फिरत राहतो. एवढाच फरक.’

मी ‘पाठवले’ बोटाने पुन्हा मोजले. सातच.

मग ती हळू म्हणाली, ‘ज्या बाईला दिवस गेलेत आणि तिला हे माहीत नाही, तिचं लेकरू पोटातच जाऊ शकतं. वेळेवर सुई टोचली तर वाचतं. तुमची शपथ गरोदर बायांनीही घेतलीय. तीन जणी यायच्या होत्या, एकही आली नाही.’

तीन जणी. त्यातली एक माझ्या घरात जेवते.

१० मार्च, रविवार

भाचीला म्हटलं, उद्या चौकीवर चल. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मानही वर केली नाही.

‘शपथ कुणी घ्यायला लावली?’

‘मी. आता मीच सोडवते.’

‘वा गं मावशी! सोमवारी धरायची आणि रविवारी सोडायची, ती शपथ की सुटीचा अर्ज?’

माझ्याच तालमीत तयार झालेली. नर्सबाईचं सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, मग म्हणाली, ‘मी एकटी गेले तर अंगण काय म्हणेल? हिचा नवरा ट्रक चालवतो, म्हणून हिलाच भीती. ते त्याला विचारतील, तो मला विचारेल. मी नाही जात.’

तिचं चुकत नाही. लाज मीच पेरली. सोमवारी टोपलीवर उभी राहून हाच रोग मी शिवीसारखा उच्चारला. पेपरने आम्हाला घाण म्हटलं, मी म्हटलं आम्ही घाण नाही. रोग म्हणजे घाण, हे दोघांनाही मान्य! एवढी पुस्तकं वाचून हेच कमावलं.

आठवा महिना लागायला दोन आठवडे. आठवा महिना मला ठाऊक आहे.

१३ मार्च, बुधवार

नगरपालिकेची सभा. आमची साठेक माणसं मागच्या बाकांवर. अध्यक्ष मधासारखे गोड. कारकुनाची चूक लक्षात आली म्हणे (नर्सबाईने कळवलं होतं), पेपरात माफीनामा छापू, आकडा मागे घेऊ. ‘आणि तुमच्याकडे रोगच नाही म्हटल्यावर चौकीवरची ही रक्ततपासणी बंद करू. तुम्हालाही नको तो कलंक.’

आमची माणसं टाळ्या वाजवायला लागली! मास्तर तर उभे राहून. कारकून कोपऱ्यात रडवेला.

वाघ म्हटलं तरी खातो, वाघोबा म्हटलं तरी खातो. कलंक पुसायचा तर सुईची आशा जाते. सुई मागायची तर कलंक चिकटतो. खिशातलं भाषण — ‘बाराखडीतलं एक अक्षर’, काय वाक्य होतं! — तसंच खिशात राहिलं.

उठले. म्हटलं, ‘अध्यक्षसाहेब, बासष्ट तुमचे. ते परत घ्या. पण सात आमचे आहेत, ते आम्ही देणार नाही.’

टाळ्या थांबल्या.

‘सात माणसं आजारी आहेत. घाण नाहीत, आजारी आहेत. कारण तुमची सुई मंगळवारी दहा ते बारा असते आणि आम्ही मंगळवारी दहा ते बारा तुमच्या चादरी धूत असतो! माफी ठेवा तुमच्याकडे. सुई द्या आमच्या चौकीवर, संध्याकाळी पाळी सुटल्यावर!’

मागून कुणीतरी ओरडलं, ‘बसा हो बाई! आमची इज्जत चव्हाट्यावर मांडू नका!’ आमच्याच बाकावरून. आजवर शिव्या समोरून खाल्ल्या होत्या. पाठीमागून पहिल्यांदाच. जास्त लागतात.

अध्यक्ष म्हणाले, किती लोक येतात ते बघू. आधी आठवडाभर तपासणी करा, माणसं आली तर सुई.

पुलावरून परतताना कुणी माझ्यासोबत चाललं नाही. नवरा चालला. अर्ध्या पुलावर म्हणाला, ‘इकडचा कठडा गंजलाय. परत पहिल्यापासून.’ सांत्वन करायची ही त्याची पद्धत.

१४ मार्च, गुरुवार

चहाच्या सुटीत नर्सबाई पेटी घेऊन अंगणात आली. मी तीच टोपली पालथी घातली. या वेळी चढले नाही, बसले.

‘गेल्या आठवड्यात मी तुम्हाला चुकीची शपथ दिली,’ म्हटलं. ‘मोडते. पहिली मी. बाही वर!’

बाही वर जाईना! दंड सुटलाय. कोपराशी अडकली. तीनशे माणसं बघतायत आणि ही क्रांती बाहीत अडकलेली. कुणी हसेना सुद्धा. बऱ्याच जणांनी पाठ फिरवली होती. नर्सबाई कानाशी पुटपुटली, ‘कात्री देऊ का?’

तेवढ्यात भाची आली, पोट सांभाळत. सर्रकन माझी बाही वर ओढली. ‘एवढं भाषण करतेस, सैल झंपर घालायला काय होतं?’

आता हसले. सगळे.

मग ती शेजारी बसली आणि आपली बाही वर केली. तिच्यामागून घडीवाली. मग मुकादम — मुकादम! ‘बघताय काय, माणूसच आहे मीपण,’ म्हणाला. सुटी संपेपर्यंत एकेचाळीस.

मास्तर फाटकाशी उभे होते. ‘या वयात कशाला?’ म्हणाले. म्हटलं, अंथरूण तापतं ना तुमचं? आले!

१६ मार्च, शनिवार

पालिकेचं पत्र. एकेचाळीस ऐकून आठवड्याची वाटही पाहिली नाही, सुई मंजूर. रोज संध्याकाळी पाच ते सात, आमच्या चौकीवर. खाली त्याच कारकुनाची सही. वहीत आता निकाल पूर्ण शब्दांत लिहायचा, असा आदेश. नवी वही येईपर्यंत जुनीच चालेल.

पाळण्यातली रद्दी काढली. तळाशी हिरवा रंग तसाच, नवाकोरा.

१८ मार्च, सोमवार

भाचीचा निकाल ‘नि’. दोघी चौकीच्या पायरीवर बसून रडलो, हसलो. मग नर्सबाईने मला एकटीला आत बोलावलं, दार लावलं. माझ्या क्रमांकापुढे पहिल्या रकान्यात ‘प’. शेवटच्या रकान्यातही ‘प’.

‘फार जुना असावा. पंचवीस-तीस वर्षांचासुद्धा,’ म्हणाली. ‘पूर्वी कधी पोटातलं मूल...’

‘दोन,’ म्हटलं.

घरी आले. नवरा पेपर वाचत होता, रिकाम्या पाळण्याशेजारी बसून. हा रोग त्याने कुणाकडून आणला की मी, ते विचारलं नाही. विचारायचं तेव्हा कुणी विचारलं नाही.

‘अहो, पेपर ठेवा. पाच वाजायला आले. चौकीवर चला आणि बाही वर करा.’